माळावरच्या एकेचाळीस पाट्या

मी जमीन तयार करते. मोबाईलवर खेळायच्या एका गेममधली जमीन. साताऱ्यात एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली लोक तोंड उघडून बसलेले असतात आणि वर आम्ही सहा जण डोंगर, नद्या, जंगलं रचत असतो. ड्रिलचा आवाज वरपर्यंत येतो. आता सवय झाली आहे.

हे गावी समजावून सांगणं कठीण जातं. माझं गाव माणमध्ये. गेल्या वर्षी चुलत्यांनी पारावर सगळ्यांसमोर विचारलं, "मग तू दिसभर करतीस तरी काय?"

"जमीन करते, नाना. गेममधली."

"खोटी?"

"खोटी."

"घरची खरी पडलीया की. ती कर."

पार हसला. मीही हसले.

या नोकरीआधी पाच वर्षं मी पत्रकं लिहीत होते. दुष्काळी पट्ट्यात पाण्याच्या समान वाटपाची चळवळ होती, तिच्यासाठी. पत्रकाचे नियम सोपे असतात. एक पान, एक मागणी, एक जबाबदार माणूस. मजकूर एसटीत उभ्याने वाचता आला पाहिजे. आणि पत्रक मोर्च्याच्या आदल्या दिवशी गावात पोचलं पाहिजे. नंतर पोचलेल्या पत्रकात भजी बांधतात. हे शिक्षण मला पुढे उपयोगी पडलं आणि त्याच शिक्षणामुळे मी तोंडावर आपटले. चळवळीतून गेममध्ये कशी आले ही हकीकत कंटाळवाणी आहे. ऑफिसला नीट मराठी लिहिणारं माणूस हवं होतं आणि मला नोकरी हवी होती.

ज्यांनी असे गेम पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यात जिंकायचं काही नसतं. एक मोकळं जग मिळतं, सगळं ठोकळ्यांचं. माती ठोकळ्यांची, पाणी ठोकळ्यांचं, झाडाचं पानसुद्धा ठोकळ्याचं. खणा, रचा, घर बांधा, मेंढ्या पाळा, नाहीतर नुसते हिंडा. हे जग कुणी हाताने बसवत नाही. आम्ही यंत्राला नियम देतो: समुद्राजवळ वाळू घाल, उंचीवर बर्फ घाल, दोन डोंगरांमधून नदी काढ. बाकीचं यंत्र करतं. म्हणून प्रत्येकाला नवं जग मिळतं. पण नियम थोडे असले की सगळी जगं एकसारखी वाटायला लागतात. चार दिवसांत खेळणारा म्हणतो, हे डोंगर बघितलेत. मग आमच्याकडे सूचना यायला लागतात: वेगळी जमीन द्या.

त्या सूचना वाचणं हे माझं काम. कुणाला काचेचे डोंगर हवेत, कुणाला उलट्या वाहणाऱ्या नद्या. एका गृहस्थांना समुद्राच्या तळाशी कोर्ट हवं होतं; ते वकील निघाले. सांगलीच्या एका सहावीतल्या मुलीने लिहिलं होतं, "तुमच्या नदीला पूर येत नाही का? आमच्या जिन्यात भिंतीवर पाण्याची रेघ आहे. तुमच्या कुठल्याच भिंतीवर नाही." ती सूचना मी छापून टेबलासमोर लावली. आमच्या नदीच्या काठावर आता गाळाचा एक पिवळट पट्टा दिसतो. तो त्या मुलीचा. मी या नोकरीत केलेल्या कामांपैकी निर्विवाद चांगलं म्हणावं असं तेवढंच एक.

गेममध्ये सहा प्रकारचे प्रदेश होते. बर्फ, जंगल, किनारा, वाळवंट, डोंगर आणि सहावा. सहावा म्हणजे या पाचांच्या मधे उरलेली जागा. सपाट, पिवळं गवत, खाली एकाच रंगाची माती. तिथे काही सापडायचं नाही, काही उगवायचं नाही. खेळणारे ती जागा पळत ओलांडायचे. प्रोग्रॅममध्ये तिचं नाव होतं 'रिकामी'. पहिल्या आठवड्यात ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. हा माळ होता. माझ्या तालुक्याचा अर्धा भाग त्या एका शब्दात उडवून लावला होता. ज्यांनी माळ कधी पायाने चालून पाहिला नाही अशा माणसांनी सरकारी कागदावर त्याला 'पडीक' म्हटलं, तेव्हा आम्ही पत्रकं काढली. इथे तर साताऱ्यातच, वडापाव खात, आमच्याच पोरांनी तेच केलं होतं. मी बोलले. प्रोग्रॅम लिहिणारा मकरंद सांगलीचा, शांत माणूस. म्हणाला, "पत्रकबाई, ते नाव कुणालाच दिसत नाही. आतलं आहे."

"आतलंच तर बदलायचं असतं," मी म्हणाले.

तो पुन्हा स्क्रीनकडे वळला. विषय तिथेच राहिला, तो सुभेदारांचा निरोप येईपर्यंत.

निरोप आवाजाचा होता. खणखणीत, परेडवर हजेरी देतात तसा. "मी सुभेदार यादव, निवृत्त, कडेगाव तालुका. तुमच्या गेममधला माळ चुकीचा हाय. लय चुकीचा. रिपोर्ट समाप्त." खाली नंबर.

मी फोन केला. विचारलं, काका, काय चुकलं?

"सपाट हाय त्यो."

"माळ सपाटच असतो ना?"

"कुठल्या गावची गं तू?"

"माणमधली."

"मग लाज वाटाय पायजे," ते म्हणाले. "या घरी. फोनवर समजायचं न्हाई."

मी रविवारच्या एसटीने गेले. वडूज सोडल्यावर खिडकीतून दोन्ही बाजूला कोरडं रान, आणि पुढे कडेगाव तालुक्यात शिरता शिरता ऊस. रस्त्याच्या कडेला, घराच्या भिंतीपर्यंत, जिकडेतिकडे ऊस. पाटाचं पाणी आलं तिथे असंच होतं. आम्ही माणमध्ये ज्यासाठी भांडत होतो ते इथे येऊन पोचलेलं होतं.

सुभेदारांच्या घरात पुढच्या खोलीत टीव्ही होता आणि समोर खाटेवर त्यांचे थोरले भाऊ, तात्या. हे घर पूर्वी मेंढरांवर चालायचं. थोरला मेंढरांमागे राहिला, धाकटा अठराव्या वर्षी फौजेत गेला. मेंढरं केव्हाच गेली. पाच महिन्यांपूर्वी तात्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं तुटलं. पाणी हवं असलं तरी शब्द सापडायचा नाही, हाताने दाखवायचे. सुभेदारांनी मोबाईल टीव्हीला जोडला होता. वेळ घालवायला म्हणून नातवाने गेम टाकून दिला होता; काकांनी एके दिवशी त्यातला तो पिवळा, सपाट भाग तात्यांसमोर धरला आणि तात्या अख्खं वाक्य बोलले.

"काय बोलले?" मी विचारलं.

"'हितं लांडगेखडक पायजे हुता.' असं म्हणलं. चार महिन्यांत पयलं वाक्य."

तेव्हापासून दोघं रोज सकाळी बसत होते. तात्या अडखळत सांगायचे, सुभेदार ठोकळे रचायचे. हितनं खाली. हितं दोन बाभळी. हितं गाढवलोळी, म्हणजे जिथे गाढवं लोळायची तो मऊ मातीचा तुकडा. प्रत्येक जागी काका एक लाकडी पाटी रोवत होते आणि तिच्यावर नाव लिहीत होते. मी गेले तेव्हा बारा पाट्या झाल्या होत्या. खरा माळ उरलाच नव्हता. मशीन लावून सपाट केला, वर ऊस उभा. ती नावं आता फक्त तात्यांच्या डोक्यात होती आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की दुसरा झटका कधीही येईल.

"मी पस्तीस वर्सं बाहेर," सुभेदार म्हणाले. "मला ह्यातलं एक नाव ठावं न्हाई. तात्या गेला म्हंजी नावं गेली."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "काका, मग पाणी यायला नको होतं का?" मी पाच वर्षं जे लिहिलं ते सगळं या प्रश्नात होतं.

त्यांनी माझ्याकडे नव्या जवानाकडे बघावं तसं बघितलं. "पाणी पायजेच हुतं. पाण्यावर पोरं शिकली माझी. पर माळ कुठं हुता ह्ये कुणी सांगायचं न्हाई, असं कवा ठरलं?"

आत तात्यांच्या पत्नी चहा करत होत्या. सुभेदार त्यांना वैनी म्हणायचे, मीही म्हणायला लागले. त्यांनी कप ठेवले, तात्यांच्या हनुवटीवरची लाळ पदराने पुसली आणि परत आत गेल्या.

मग काकांनी मला चूक दाखवली. आमचा एक ठोकळा माणसाच्या कमरेएवढा उंच. म्हणजे जमीन एकतर टेबलासारखी सपाट करता येते नाहीतर जिन्यासारखी पायऱ्यांची. मधलं काही नाही. माळ मात्र मधलाच असतो. त्याचा उतार डोळ्याला दिसत नाही, पाण्याला दिसतो. शंभर पावलांत वीतभर. तेवढ्या वितीने ठरतं की कुठे गवत हिरवं राहील, कुठे बाभूळ येईल आणि कुठे नुसता दगड. शिवाय आमचं पाणी मुरत नव्हतं. खडकावर ओता, मातीवर ओता, तसंच उभं.

"बादलीतलं पाणी हाय तुमचं," सुभेदार म्हणाले. खाटेवरून तात्या हसले. एका बाजूने.

ऑफिसात मी पत्रक काढलं. खरंच काढलं. एक पान, मोठ्या अक्षरात: 'माळ रिकामा नाही.' मागणी: ठोकळ्याचे आठ पातळ थर करा, जमिनीला उतार द्या, मातीप्रमाणे पाणी मुरू द्या. जबाबदार म्हणून सहाही जणांची नावं, माझ्यासकट. पाणी गरम करायच्या किटलीवर चिकटवलं, कारण तिथे सगळे जातात.

आमचे सर साताऱ्याचेच, मऊ आवाजाचे. त्यांनी चहा ओतता ओतता वाचलं. "लोक बर्फ मागतायत, लाव्हा मागतायत. तू सपाट जमिनीला आणखी थोडी कमी सपाट करायला सांगतेस."

"हो."

"जाहिरातीत काय दाखवायचं?"

"मेंढ्या," मी म्हणाले. त्या क्षणी तेवढंच सुचलं.

सरांनी मकरंदचे तीन आठवडे दिले. कंटाळून दिले असावेत.

पुढचे तीन आठवडे मी रोज सकाळी कडेगावला फोन लावायचे. काका स्पीकर चालू करायचे. मी विचारायचे, तात्या तुकड्यातुकड्यांत सांगायचे, काका जुळवून द्यायचे. मुरूम पाणी पितो. काळी आधी पिते, मग फुगते, मग पीत नाही. चोपण रानात पाणी वर उभं राहतं आणि खाली कोरडं ठाक. मी सगळं वहीत उतरवत होते आणि मकरंद त्याचे नियम करत होता. एकदा मी विचारलं, "तात्या, नुसतं बघून ओली जागा कशी कळायची?"

 मग तात्यांचा आवाज आला, "मेंढरू."

"मेंढरू काय, तात्या?"

"बसत न्हाई. ओलीवर."

मेंढरं दुपारची बसतात तेव्हा कोरडी, किंचित उंच जागा धरतात. माणसाला दिसत नाही तो फरक त्यांना कळतो. मकरंदने फोन ऐकला होता. जेवायला न जाता त्याने मेंढ्यांना तो नियम घातला आणि संध्याकाळी मला बोलावलं. पिवळ्या माळावर मेंढ्या हिंडत होत्या. हळूहळू एका ठिकाणी गोळा झाल्या, बसल्या. शेजारची जागा अगदी तशीच दिसत होती, तिथे एकही गेली नाही. मकरंद तिथे गेला, खणलं. दोन थरांखाली ओल.

"च्यायला," तो म्हणाला. एवढंच. पण त्याने प्रोग्रॅममधलं 'रिकामी' हे नाव त्याच दिवशी स्वतःहून बदललं.

इथवर सगळं बरोबर होतं. चूक मी पुढे केली.

जमिनीचे नियम बदलले की ते साधारणपणे नव्या जगांना लागू होतात. ज्यांनी आधी घरं बांधली आहेत त्यांची जमीन जशी आहे तशी ठेवायची, हा या धंद्यातला शहाणपणा. पण काकांचं जग जुनं होतं. नवा माळ फक्त नव्या जगात दिला असता तर त्यांना पुन्हा पहिल्या पाटीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि तात्यांकडे तेवढा वेळ नव्हता. मी हट्ट धरला की नियम जुन्या जगांनाही लावा.

मकरंद म्हणाला, "करता येईल. पण जुन्या जमिनीवर लोकांनी काय काय ठेवलंय ते बघायला मला आठवडा दे."

"आठवडा नाही."

"अगं, जमीन खालून तासली जाणार. वर उभं असेल त्याचं काय?"

"नियम सगळ्यांना सारखा असला पाहिजे," मी म्हणाले. हे वाक्य मी पूर्वी अनेक व्यासपीठांवरून म्हटलेलं होतं. ते म्हणताना माझा आवाज आपोआप चढतो. आदल्याच दिवशी काका म्हणाले होते की तात्या दुपारी माणसं ओळखत नाहीत. माझ्या डोक्यात पत्रक होतं, मोर्च्याच्या आदल्या दिवशी पोचायचं. मकरंद भांडणारा नाही. सर त्या दिवशी पुण्याला होते. शुक्रवारी आम्ही बदल सगळ्यांच्या फोनवर सोडला.

शनिवारी सकाळपासून तक्रारी यायला लागल्या. लोकांनी हौसेने केलेली तळी मुरमावर होती. पाणी पिऊन मुरूम मोकळा झाला होता. एका बाईंच्या कमळांच्या तळ्यात कमळं चिखलात आडवी पडली होती. वकीलसाहेबांनी शेवटी स्वतःच बांधलेल्या कोर्टाला काही झालं नव्हतं, ते समुद्रात होतं. त्यांनी तेवढं कळवलं. मी पहिल्या तासात थोडी खूशही होते. वाटलं, चला, लोकांना कळतंय पाणी मुरतं म्हणजे काय.

मग काकांचा फोन आला.

"म्याडम," ते म्हणाले. आधी कधी म्याडम म्हटलं नव्हतं. "माळ आला. उतार बरुबर हाय. तात्यानं मान हलवली."

"मग?"

"पाट्या न्हाईत."

पाटी ज्या ठोकळ्यावर उभी असते तो ठोकळा गेला की पाटी पडते, आणि पडलेली पाटी थोड्या वेळाने नाहीशी होते. गेमचा साधा नियम. आम्ही माळावरचा प्रत्येक ठोकळा काढून जागी थर घातले होते. तोपर्यंत काकांच्या पाट्या एकेचाळीस झाल्या होत्या. एकही उरली नाही.

मी मकरंदला विचारलं, जुनी प्रत असेल? तो म्हणाला, खेळणाऱ्याचं जग खेळणाऱ्याच्या फोनवर असतं, आपल्याकडे नसतं. आणि फोनवरची प्रत उघडली तेव्हाच बदलली. मला त्याने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

काकांना विचारलं, कागदावर लिहिलं होतं का कुठे? "कागदावर कशाला? गेममध्ये हायत की, म्हणलं." फौजेत नोंदी ठेवण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्याने आमच्यावर विसंबून वही केली नाही.

आणि माझी वही? ती मी काढली. बत्तीस पानं भरलेली. मुरूम, काळी, चोपण, चुनखड, पाणी किती मुरतं, गवत कधी वाळतं. तात्यांनी सांगताना नावं घेतली होती, दर दोन वाक्यांत एक. 'घोड्याच्या पाठीवर मुरूम हाय, तुटक्या तालीखाली काळी.' ताल म्हणजे बांध. मी लिहिलं होतं: मुरूम वर, काळी खाली. मला मागणीपुरतं हवं होतं ते मी घेतलं होतं. पत्रकात जागा कमी असते, नावं गाळायची सवय लागते. सगळ्या वहीत मिळून पाच नावं सापडली, तीही समासात, गंमत वाटली म्हणून टिपलेली.

पुढच्या रविवारी मी पुन्हा कडेगावला गेले. सरांनी जुन्या जगांसाठी दुरुस्ती करायला लावली होती, कमळवाल्या बाईंची माफी मी स्वतः मागितली होती, पण इथे दुरुस्ती करण्यासारखं काही नव्हतं. टीव्हीवर नवा माळ होता. खरोखर माळ. लांबून सपाट आणि जवळून नाही. मेंढ्या चरत होत्या. तात्या खाटेवर उशांना टेकून बघत होते. मधल्या आठवड्यात त्यांचं उरलेलं बोलणंही गेलं होतं. डोळे मात्र मेंढ्यांबरोबर फिरत होते.

सुभेदार एकेक जागी थांबत होते. "तात्या, हितं काय म्हणायचं?" तात्यांचे ओठ हलायचे. आवाज यायचा, शब्द यायचा नाही. माझ्या वहीतली पाच नावं आम्ही लावून घेतली. नंतर काका नुसते हिंडत राहिले.

मी म्हणाले, "काका, चूक माझी आहे."

"व्हय," ते म्हणाले.

चहा घेऊन वैनी आल्या. कप ठेवला आणि या वेळी आत गेल्या नाहीत. टीव्हीकडे बघत उभ्या राहिल्या. सुभेदार दोन बाभळींपाशी पोचले होते. पाटी गेली तरी झाडं होती. तिथून वळून ते एका एकट्या झाडाखाली आले.

"चिलमीचा दगुड ह्यो," वैनी म्हणाल्या.

काकांनी मान वळवली. "तुमाला ठावं हाय?"

"मला ठावं नसायला काय झालं? भाकरी कोण घिऊन जात हुतं?"

"आवं वैनी, मग बोलला न्हाई ते?"

"तुमचं दोघा भावांचं चाललं हुतं. आन् ही शिकलेली पोरगी फोनवर फोन करती. म्या म्हणलं काय बड्या कामाचं आसंल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी पत्रकांत बायकांच्या कामावर रकाने भरून लिहिलेलं आहे. याच खोलीत बसून यांच्या हातचा चहा पिऊन गेले होते, आणि फोनवरही मला त्यांची भांडी ऐकू यायची.

त्या खाली बसल्या आणि हिशेब अगदी सरळ निघाला. तात्या पहाटे मेंढरं घेऊन निघताना सांगून जायचे, आज भाकरी अमक्या जागी आण. एवढ्या मोठ्या रानात जागेला नाव नसतं तर भाकरी पोचलीच नसती. तीस वर्षं रोज एक नाव. एखाद दिवशी त्या चुकल्या तर तात्या उपाशी, म्हणून चुकायची सोय नव्हती.

"फिरवा तुमचं ते," त्या काकांना म्हणाल्या.

काका फिरवत राहिले, त्या सांगत राहिल्या. "आंधळीचं टेक. पानसरा, हितं उन्हाळ्यात बी पायाला गार लागायचं. ही तुटकी ताल. थांबा थांबा, पुढं न्हेऊ नका, मागं. त्या करंजाखाली, कावळेमाथा." सुभेदार पाटी रोवायचे, मी वहीत लिहायचे. पूर्ण नाव, जागा, झाड. मध्येच काका म्हणाले, "वैनी, तात्या ह्याला घोड्याची पाठ म्हणला हुता."

"घोड्याची पाठ ती पल्याड. हितं ह्यांनी मला एकदा तासभर उनात हुबं केलं हुतं, चुकीचं सांगून. मी इसरंन व्हय?"

खाटेवरून आवाज आला. तात्या हसत होते. एका बाजूने.

दुपारपर्यंत वहीत सव्वीस नावं झाली. त्यात माझी पाचही आली. वैनी थकल्या नव्हत्या, पण आता मधे मधे थांबा येत होता. काका जिथे झाड बघून थांबायचे तिथे त्या लगेच सांगायच्या. उघड्या माळावर थांबले की गप्प. चार-पाच वेळा असं झाल्यावर माझ्या लक्षात आलं. भाकरी सावलीत खातात. जिथे सावली नव्हती तिथे तात्या कधी जेवले नाहीत, म्हणून तिथलं नाव घरापर्यंत कधी आलं नाही. तिथली नावं मेंढरांना हाका मारायला, स्वतःशी, नाहीतर दुसऱ्या मेंढक्याशी बोलायला होती. ते दुसरे मेंढकेही आता नाहीत. त्यांच्यापैकी कुणी उरलंय का, हे मी काकांना विचारलंच.

टीव्हीवर मेंढ्या एका उघड्या उंचवट्यावर गोळा झाल्या आणि एकेक करून बसल्या. माळाच्या बरोबर मध्यावर. काकांनी त्यांचा ठोकळ्यांचा माणूस त्यांच्यात नेऊन उभा केला.

"आन् हितं, वैनी?"

वैनींनी निरखून बघितलं. "हितं ह्ये कवा जेवलं न्हाईत," त्या म्हणाल्या. "हितलं मला ठावं न्हाई."

मी म्हणणार होते की आपण एक नाव ठेवू या, काहीतरी शोभेलसं. तोंड उघडलंही होतं. मग मिटलं.

काकांनी तात्यांकडे बघितलं. तात्या मेंढ्यांकडे बघत होते. ओठ हलत होते, एकच आकार पुन्हा पुन्हा. आम्ही तिघंही थांबलो. टीव्हीतल्या मेंढ्या रवंथ करत होत्या. मकरंदने ते कधी घातलं मला माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळाने काकांनी पाटी न रोवता माणूस तिथून काढला आणि उताराला लावला. खाली पुढची बाभूळ दिसायला लागली तशा वैनी पुन्हा सांगायला लागल्या.